कॅलासच्या आरिया: १९५४च्या दोन तबकड्या आणि बाकीचा पसारा

ऑपेरा गायिका मारिया कॅलासच्या नावावर 'सर्वोत्तम', 'अमर', 'सुवर्ण' अशी विशेषणं चिकटवलेली संकलनं ढिगाने मिळतात आणि नवा श्रोता बहुतेक वेळा त्यांतलंच एखादं उचलतो. ते टाळावं. एक तर या संकलनांत १९४९चा गळा आणि १९६४चा गळा शेजारी शेजारी बसवलेला असतो. या पंधरा वर्षांत तिच्या आवाजात एवढी उलथापालथ झाली की सलग ऐकणाऱ्याला दोन वेगळ्या बायका गातायत असं वाटावं. दुसरं, संकलन करणारे कात्री बेधडक चालवतात. संथ भाग गोड म्हणून ठेवतात, त्याला जोडून येणारा जलद भाग उडवतात. अख्खा प्रसंग ज्या वळणासाठी रचलेला असतो ते वळणच मग ऐकायला मिळत नाही.

ऑपेराची फारशी ओळख नसेल तर आरिया म्हणजे साधारण नाट्यपद समजावं. पात्र प्रसंगात उभं आहे आणि गातंय. फरक एवढा की इथे गायिकेला विस्ताराची मुभा जवळजवळ नाही. सूर, लांबी, जोर, कुठे हळू आणि कुठे उसळून, हे सगळं रचनाकाराने कागदावर मांडून ठेवलेलं. सजावटीला थोडी जागा असते, तीही ठरावीक ठिकाणी. मग गायिकेच्या हाती काय उरतं? शब्दावरचं वजन, एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याची तऱ्हा, श्वासाची जागा आणि आवाजाचा रंग. कॅलासची सगळी करामत या उरलेल्या चार गोष्टींत आहे. केवळ आवाजाचा गोडवा हवा असेल तर तिच्या काळात तिच्याहून गोड गळे होते आणि ते ऐकावेत. कॅलासचा आवाज गुळगुळीत नाही. खालचा पट्टा छातीतून येणारा, दणकट. मधला थोडा झाकलेला, बाटलीत घुमल्यासारखा. वरचा धारदार, कधी कधी टोचणारा. या तीन पट्ट्यांमधले सांधे कान देऊन ऐकलं तर कळतात. बाकीच्या गायिका ते लपवण्यात आयुष्य घालवतात, ही त्यांचा प्रसंगानुरूप वापर करते.

सुरुवात कुठून करावी याबद्दल फार घोळ घालायचं कारण नाही. सप्टेंबर १९५४मध्ये लंडनजवळच्या वॉटफर्ड टाउन हॉलमध्ये, तुल्लिओ सेराफिनच्या संचालनाखाली आणि फिलहार्मोनिया वाद्यवृंदाबरोबर, कॅलासने थोड्या दिवसांत दोन तबकड्यांचा मजकूर ध्वनिमुद्रित केला. निर्माता वॉल्टर लेग. एक तबकडी निव्वळ पुच्चिनीची, दुसरीत वेगवेगळ्या रचनाकारांच्या भावप्रधान आणि तानप्रधान आरिया. दोन्ही मोनो, म्हणजे स्टिरिओसारख्या डाव्या-उजव्या बाजू नसलेलं एकाच वाहिनीचं मुद्रण. आवाज अजून भरदार आहे, वरचे सूर काबूत आहेत आणि सेराफिन प्रत्येक वाक्याला नेमका हवा तेवढाच श्वास देतो. दोन्हींतून एकच घ्यायची असेल तर दुसरी घ्यावी.

त्या दुसऱ्या तबकडीची बांधणीच धाडसी आहे. एका बाजूला चिलेआ, जोर्दानो, कातालानी, बोइतो, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे आणि विसाव्याच्या तोंडाचे इटालियन रचनाकार, ज्यांना भरीव, जड गळा लागतो. दुसऱ्या बाजूला रोस्सिनी, मायरबेअर, देलीब, व्हेर्दी, आणि इथे हलका, चपळ, तारसप्तकात भिरभिरणारा गळा लागतो. त्या काळात ही दोन वेगवेगळ्या गायिकांची कामं मानली जात. एकाच तबकडीवर एकाच गळ्यातून ती आली, याचं महत्त्व विक्रम म्हणून कमी आहे. जड गळ्याने तान घेतली की तानेला अर्थाचं वजन येतं, हे खरं महत्त्वाचं.

बोइतोच्या 'मेफिस्तोफेले'मधली 'लाल्त्रा नोत्ते इन फोन्दो आल मारे' घ्या. मार्गेरीता तुरुंगात आहे. माझं बाळ समुद्रात फेकलं आणि आता मीच बुडवलं म्हणतात, असं पहिल्या कडव्यात. आई गाढ झोपेत गेली आणि मीच विष घातलं म्हणतात, असं दुसऱ्यात. दोन्ही कडव्यांचं पालुपद एकच: हवा गार आहे, कोठडी अंधारी आहे आणि माझा जीव रानातल्या चिमणीसारखा उडून जातोय. 'व्होला व्हिया', उडून जातो, या शब्दांवर बोइतोने तान लिहिली आहे. पुष्कळ गायिका ही तान कसबाचा नमुना म्हणून सफाईने टाकतात. कॅलास ती भरकटल्यासारखी घेते. एकेक दाणा स्वच्छ आहे, तरी ओघाला धरबंध नाही असा भास होतो, कारण ती टोकाला पोचण्याआधी जोर काढून घेते. ही आरिया ऐकताना एक प्रयोग करावा. पहिलं पालुपद संपलं की थांबून पुन्हा तेवढंच ऐकावं, मग थेट दुसऱ्या पालुपदावर जावं. शब्द तेच, सूर तेच. बाई मात्र आणखी दूर गेलेली आहे.

'ला माम्मा मोर्ता', जोर्दानोच्या 'आन्द्रेआ शेनिए'मधली, जास्त प्रसिद्ध आणि म्हणून जास्त चुकीची ऐकली जाणारी. लोक शेवटच्या वरच्या इटालियन 'सी'ची, आपल्या हिशेबात 'नी'ची, वाट पाहत बसतात. लक्ष द्यायला हवं ते सुरुवातीला. चेलोचा एकाकी सूर झाला की कॅलास जवळजवळ बोलते: आई मेली, माझ्या खोलीच्या दारात, मला वाचवताना. इथे तिने सुरातला कंप जवळपास काढून टाकला आहे. आवाज कोरडा, सपाट, साक्ष देणाऱ्या माणसाचा. पुढे प्रेमाचा आवाज तिच्याशी बोलू लागतो आणि वाद्यवृंद मेजर, म्हणजे उजळ स्वरपट्टीत वळतो, तेव्हा कंप हळूहळू परत येतो आणि आवाजाला ऊब येते. एवढी तयारी असते म्हणून तो वरचा सूर लागू पडतो. त्यानंतर ती पुन्हा खाली, खर्जाकडे उतरते, 'मी तर मेलेलीच आहे' म्हणत. ही उतरण बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही, कारण तोवर टाळ्यांची घाई झालेली असते.

कातालानीच्या 'ला वाल्ली'तली 'एब्बेन? ने आन्द्रो लोन्ताना' ही ऐकायला सर्वांत सोपी. नवख्याला पहिली हीच ऐकवावी. घर सोडून जायचं ठरवलेली मुलगी, बर्फ, दुरून येणारा घंटानाद. चिलेआच्या 'आद्रियाना लेकुव्ह्रर'मधल्या 'इयो सोन लूमिले आन्चेल्ला'च्या अखेरीस गायिका म्हणते की माझा आवाज म्हणजे एक फुंकर, उद्याच्या दिवसासोबत विरून जाणारी. तिथे वरचा सूर धरून तो विरवत न्यायचा असतो. असा सूर बारीक करताना दम कमी पडला की स्वर खाली सरकतो, आणि घसा आवळला की पिपाणी होते. कॅलासचा सूर जागच्या जागी राहून पातळ होतो.

'ऊना व्होचे पोको फा', रोस्सिनीच्या 'सेव्हिल्याचा न्हावी'तली. मी गरीब, आज्ञाधारक, गोड स्वभावाची, असं रोझीना सांगत असते आणि मग येतं 'मा'. म्हणजे 'पण'. पण माझ्या वर्मी बोट लावलंत तर मी नागीण होईन. या एका अक्षरावर कॅलास जे करते त्याच्यावर ऑपेराच्या शौकिनांनी कित्येक संध्याकाळी घालवल्या आहेत: क्षणभर थांबायचं, अक्षर हलकेच टाकायचं, आणि त्यातच पुढची सगळी धमकी भरायची. शंभर ताना एकीकडे आणि हे एक अक्षर एकीकडे.

याच तबकडीत देलीबच्या 'लाक्मे'तली घंटांची आरिया आहे. कथा भारतातली, नीलकंठ नावाच्या ब्राह्मणाची मुलगी बाजारात गाते, गाण्यात ब्रह्माचा मुलगा म्हणून विष्णू येतो. १८८३च्या पॅरिसने कल्पिलेला भारत, त्यामुळे रागाचा मागमूस शोधू नये. मूळ फ्रेंच शब्दांऐवजी ही इटालियनमध्ये गायलेली आहे. घंटांची नक्कल अचूक, पण अगदी वरचा 'मी' ताणून काढलेला आहे आणि ते लपत नाही. तबकडीतला हा सर्वांत कमजोर तुकडा. उलट व्हेर्दीच्या 'सिसिलीच्या संध्या'तला बोलेरो, 'मेर्चे, दिलेत्ते आमिके', तसाच वर जातो आणि तिथे मात्र उसळी आहे, मजा आहे.

पुच्चिनीची तबकडी अकरा आरियांची. 'ला बोएम'मधली मिमी आणि 'मानों लेस्को'मधली मानों या भूमिका कॅलासने रंगमंचावर कधीच केल्या नाहीत. 'मादामा बटरफ्लाय' केली ती १९५५मध्ये शिकागोत, तीही तीनच प्रयोग. तरीही इथली मानोंची 'सोला, पेर्दूता, आब्बान्दोनाता' ऐकताना भूमिका अंगवळणी पडलेली आहे असं वाटतं. 'तुरान्दोत'मधली निष्ठुर राजकन्या आणि तिच्यामुळे जीव देणारी दासी लिऊ या दोघींच्या आरिया इथे एकीच्याच तोंडी आहेत. लिऊ उजवी आहे. राजकन्येच्या 'इन क्वेस्ता रेज्जा'ला पोलादी, न थकणारा वरचा पट्टा लागतो. इथे सूर सगळे लागतात, पण प्रयत्न जाणवतो. 'ओ मियो बाब्बीनो कारो' जेमतेम अडीच मिनिटांची, जाहिरातींनी पार चोथा केलेली. लाडिक मुलगी बापाला धमकी देतेय की लग्नाला हो म्हणा नाहीतर पुलावरून नदीत उडी मारते. प्रसंग विनोदी आहे आणि कॅलास हे विसरत नाही. रडगाणं करत नाही. 'सुओर आन्जेलिका'तल्या 'सेन्झा मम्मा'साठी शांत खोली हवी, तिचा शेवटचा सूर गोंगाटात हरवतो.

मोनोबद्दल थोडं, कारण इथेच ऐकण्याचा विचका होतो. साठ-सत्तरच्या दशकांत मोनो मुद्रणांना 'इलेक्ट्रॉनिक पद्धतीने स्टिरिओ केलेलं' असं लेबल लावून पुन्हा विकलं गेलं. त्यात खालचे स्वर एका बाजूला आणि वरचे दुसऱ्या बाजूला ढकलतात, कधी एक बाजू किंचित उशिरा सोडतात. परिणाम असा की एकच गायिका सूर चढवताना खोलीभर फिरते. आवरणावर असे शब्द दिसले तर तबकडी परत ठेवावी. नंतर मोनोचं बटण दाबून ती दुरुस्त होत नाही. दोन्ही बाजू मिसळल्या की काही स्वर एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो. पन्नाशीच्या दशकातली अस्सल मोनो तबकडी मिळाली तर तिच्यासाठी साधारण २५ मायक्रॉन टोकाची मोनो सुई वापरावी. स्टिरिओची बारीक सुई खोबणीत जास्त खोल उतरते आणि खरखर वाढते. मोनो सुई नसेल तर निदान ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबावं, उभ्या हालचालीचा गोंगाट त्याने बराच कमी होतो.

जोरदार सूर सुरू व्हायच्या आधी त्याचीच पुसट सावली ऐकू आली तर यंत्र बिघडलेलं नाही. तबकडीत ही सावली बरोबर १.८ सेकंद आधी येते, कारण मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीला एका फेरीला तेवढा वेळ लागतो आणि शेजारच्या खोबणीचा ठसा उमटलेला असतो. टेपवरून आलेल्या डिजिटल प्रतीतही अशी सावली असू शकते. टेप गुंडाळून ठेवली की एका थराचं चुंबकत्व दुसऱ्यावर उतरतं. वरच्या मोठ्या सुरांवरची चरचर मात्र मूळ मुद्रणातलीच असली तर कोणत्याही आवृत्तीत जात नाही. ती घालवल्याचा दावा करणारी आवृत्ती असेल तर आवाजाची धारही तिने घालवली असण्याची शक्यता जास्त.

डिजिटल आवृत्त्यांत २०१४मध्ये वॉर्नर कंपनीने काढलेली मालिका घ्यावी. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत मूळ टेपांवरून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झने नव्याने उतरवलेली. तिच्या स्टुडिओतल्या सगळ्या मुद्रणांचा ६९ सीडींचा संच आहे, पण एवढं एकदम घ्यायची गरज नाही, तबकड्या सुट्याही मिळतात आणि त्या मूळ क्रमाने आहेत. आधीच्या सीडींच्या मानाने शब्द जवळ आलेत, विशेषतः 'र' आणि जोडाक्षरं. इटालियनमध्ये जोडाक्षरावर थबकणं हा अर्थाचाच भाग असतो, त्यामुळे हा फायदा वरवरचा नाही.

स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्यांनी दोन सेटिंग बघावीत. एका गाण्यातून दुसऱ्यात विरघळण्याची सोय बंद ठेवावी, ती शेवटचा बारीक सूर खाते. आणि शफल बंद हवंच. एकाच प्रसंगाचे तीन-चार ट्रॅक केलेले असतात. शफलमध्ये वेडाचा झटका आधी आणि त्याचं कारण नंतर येतं. पातळी ठरवताना आधी आरियेतली सर्वांत मोठी जागा लावून ती सोसवेल एवढा आवाज ठेवावा. हळू सुरुवात ऐकू यावी म्हणून आवाज वाढवला की चार मिनिटांनी स्पीकर किंवा कान, दोघांपैकी एक कुरकुरतो. हेडफोनपेक्षा स्पीकर बरे, मोनो आवाज हेडफोनवर डोक्याच्या मधोमध अडकून बसतो.

१९५४नंतरची उडी थेट १९५८वर मारावी. सप्टेंबरमध्ये लंडनलाच, फिलहार्मोनियाबरोबरच, पण संचालक निकोला रेशीन्यो आणि मुद्रण स्टिरिओ. यातली वेडाच्या प्रसंगांची तबकडी ही आरियांची तबकडी म्हणण्यापेक्षा तीन छोट्या नाटकांची आहे: दोनिझेत्तीच्या 'आन्ना बोलेना'चा शेवट, तोमाच्या 'हॅम्लेट'मधली ओफेली आणि बेल्लिनीच्या 'इल पिराता'चा शेवट. इथे कात्री नाही. कोरस आहे, दुय्यम पात्रं आहेत, म्हणून बोलल्यासारखं रेसिटेटिव्ह, मग संथ गाणं, मग बाहेरून बातमी आणि मग उसळणारी कॅबालेट्टा, म्हणजे शेवटचं जलद गाणं, ही सगळी उतरंड जागेवर राहते. 'आन्ना बोलेना'तलं 'आल दोल्चे गुइदामी' हे इंग्लिश हॉर्न या फुंकवाद्याच्या सुरांबरोबर चालणारं बालपणीच्या घराचं गाणं. कॅलासने याहून संथ आणि याहून अखंड काही ध्वनिमुद्रित केलं असेल तर ते शोधावं लागेल. नंतर 'कोप्पिया इनिक्वा'त चढत जाणारे कंपस्वर रागाने पेटलेले. वरचे सूर १९५४पेक्षा कडक झालेत, धरून ठेवलेल्या सुरात हेलकावा येऊ लागलाय. पण १९५७मध्ये तिने ही भूमिका मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात गाजवली होती, आणि प्रत्येक शब्दामागे ती उजळणी आहे.

त्याच महिन्यातली व्हेर्दीची तबकडी 'मॅकबेथ'साठी घ्यावी. व्हेर्दीने १८४८मध्ये एका पत्रात लिहिलं होतं की लेडी मॅकबेथचा आवाज गोड नको; कठोर, घुसमटलेला, काळवंडलेला हवा. कॅलासच्या आवाजाला लोक ज्याबद्दल नावं ठेवतात ते सगळं इथे गुण ठरतं. झोपेत चालण्याच्या प्रसंगात हाताचा डाग पुसतानाची कुजबूज, मध्येच छातीतून आलेला खरखरीत शब्द आणि अखेरीस वरचा 'रे' कोमल, जिथे व्हेर्दीने 'आवाजाचा नुसता धागा' असं लिहून ठेवलंय. तो धागा थरथरतो, तुटत नाही.

१९६१ची पॅरिसची तबकडी, जॉर्ज प्रेत्रच्या संचालनाखाली, सगळी फ्रेंच. खालच्या पट्ट्यातलं जे आहे ते उत्तम: ग्लुकची 'दिव्हिनिते द्यु स्तिक्स', सँ-सांसच्या दलीलाची मोहिनी, आणि 'कार्मेन'ची हाबानेरा, जी भूमिका तिने रंगमंचावर कधी केलीच नाही. वरच्या पट्ट्यातलं ऐकू नये असं नाही, पण 'देप्वी ल जूर'मधले लांबवलेले वरचे सूर डुलतात, आणि गूनोच्या ज्युलिएटचा वाल्ट्झ या गळ्याला शोभत नाही. कोवळ्या मुलीचा हलकेपणा १९६१च्या कॅलासकडून मागणं अन्याय आहे.

१९६३-६४च्या तबकड्या शेवटी ठेवाव्यात. तिथे कल्पना शाबूत आहे, गळा नाही. उलट टोकाला १९४९ची चेत्रा कंपनीची तीन तबकडी-मुद्रणं, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या गतीची: 'कास्ता दिवा', 'ई पुरितानी'तली 'क्वी ला व्होचे' आणि वाग्नरच्या इझोल्डेचा मृत्यू, इटालियनमध्ये. त्याच वर्षी जानेवारीत व्हेनिसमध्ये तिने वाग्नरची ब्र्युनहिल्डे आणि बेल्लिनीच्या 'ई पुरितानी'ची नायिका एल्व्हिरा काही दिवसांच्या अंतराने गायली होती. ७८च्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटंच मावत, त्यामुळे सांध्यावर वाद्यवृंदाचा नाद बदललेला ऐकू येतो. आवाज मात्र प्रचंड.

थेट प्रयोगांच्या चोरट्या टेपांच्या वाटेला जायचं असेल तर आधी पट्टी तपासावी, कारण टेपची गती बिघडलेली असते. 'कास्ता दिवा' बेल्लिनीने 'जी'मध्ये लिहिली होती पण गायली जाते ती 'एफ' मेजरमध्ये, आणि कॅलासही तिथेच गाते. फोनवरच्या ट्यूनरने सुरुवातीच्या बासरीचा षड्ज पाहावा. 'एफ'ऐवजी 'एफ शार्प' दाखवला तर टेप सुमारे सहा टक्के जलद पळतेय. अशा प्रतीत आवाज कोवळा आणि चपळ वाटतो, नि ऐकणारा उगाच भारावतो. गती कमी करण्याची सोय असलेल्या प्लेअरवर ०.९४ला लावून, पट्टी कायम ठेवणारा पर्याय बंद करून, पुन्हा ऐकावं.